शिफारशीचा अधिकार : ब्रिटिश उमराव सभेच्या नियुक्ती आयोगाची पंचवीस वर्षे

ब्रिटनच्या संसदेचे वरिष्ठ सभागृह म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्स, मराठीत रुळलेल्या नावाने उमराव सभा. या सभागृहातले बहुसंख्य सदस्य निवडून येत नाहीत, नेमले जातात. नेमणूक राजाच्या नावाने होते आणि नावे पंतप्रधान सुचवतात. ती राजवाड्यापर्यंत पोहोचण्याआधी मात्र सात जणांच्या एका सल्लागार मंडळाच्या नजरेखालून जातात. हे मंडळ म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्स अपॉइंटमेंट्स कमिशन, अर्थात उमराव सभा नियुक्ती आयोग. मे २००० मध्ये स्थापन झालेल्या या आयोगाने मे २०२५ मध्ये पंचवीस वर्षे पूर्ण केली. त्याच्या पाठीशी संसदेचा कायदा नाही आणि त्याच्या हाती नकाराधिकारही नाही. पंतप्रधानांनी दिलेला शब्द आणि लोकमताचा धाक एवढ्याच आधारावर तो उभा आहे. हा आधार कुठे पुरला आणि कुठे अपुरा पडला, त्याचीच हकीकत म्हणजे आयोगाचा इतिहास.

पूर्वपीठिका : पदव्यांचा बाजार

उमरावकी देण्याचा अधिकार मूळचा राजाचा. संसदीय राज्यपद्धती स्थिरावत गेली तसा तो व्यवहारात पंतप्रधानांकडे आला. पक्षाची सेवा केलेल्यांना, निवृत्त मंत्र्यांना आणि पक्षनिधीला हातभार लावणाऱ्यांना पदव्या देण्याचा प्रघात एकोणिसाव्या शतकातच पडला होता. पहिल्या महायुद्धानंतर त्याला उघड बाजाराचे रूप आले. लॉइड जॉर्ज यांच्या पंतप्रधानकीत पदव्यांचे जणू दरपत्रकच ठरलेले होते : 'सर' ही पदवी दहा हजार पौंडांना, बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी तीस हजारांना आणि उमरावकी पन्नास हजारांच्या पुढे, असे आकडे त्या काळाबद्दल सांगितले जातात. माँडी ग्रेगरी हा या व्यवहारातला सर्वांत प्रसिद्ध दलाल.

१९२२ च्या उन्हाळ्यात जाहीर झालेल्या सन्मान यादीत दक्षिण आफ्रिकेतील खाणसम्राट सर जोसेफ रॉबिन्सन यांचे नाव उमरावकीसाठी आले. त्यांच्या व्यावसायिक गैरव्यवहारांवर न्यायालयाने नुकतेच ताशेरे ओढलेले होते. संसदेत गदारोळ झाला आणि अखेर रॉबिन्सन यांनी सन्मान नाकारला. प्रकरण तेवढ्यावर थांबले नाही. लॉर्ड डनेडिन यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला गेला. राजकीय सेवेबद्दल ज्यांना सन्मान द्यायचा, त्यांची नावे प्रिव्ही कौन्सिलच्या तीन सदस्यांनी तपासावीत, अशी शिफारस या आयोगाने केली. तिला अनुसरून १९२३ मध्ये राजकीय सन्मान छाननी समिती अस्तित्वात आली. १९२५ च्या कायद्याने पदवीसाठी पैसे देणे आणि घेणे हे दोन्ही गुन्हे ठरवले. या कायद्याखाली आजवर शिक्षा झालेला माणूस एकच, तो म्हणजे ग्रेगरी. १९३३ मध्ये त्याला दोन महिने कैद आणि पन्नास पौंड दंड झाला.

छाननी समिती पुढे आठ दशके टिकली, पण तिचे काम नावांबद्दल मत कळवण्यापुरते होते. त्या मताची किंमत किती, हे १९७६ मध्ये दिसले. पंतप्रधानपद सोडताना हॅरॉल्ड विल्सन यांनी केलेल्या यादीतील काही नावांबद्दल समितीने नापसंती कळवली होती, तरीही यादी बहुतांशी तशीच पुढे गेली. तिच्यातून उमराव झालेले वस्त्रोद्योजक जोसेफ केगन यांना १९८० मध्ये आर्थिक गुन्ह्यांसाठी तुरुंगवास झाला. सभागृहातली त्यांची जागा मात्र कायम राहिली, कारण उमराव म्हणून एकदा नेमलेल्या माणसाला दूर करण्याची सोयच त्या काळी नव्हती.

तहहयात उमराव

वरिष्ठ सभागृहाची रचना बदलण्याचा विचार छाननी समितीहूनही जुना. १९११ च्या संसद कायद्याने उमराव सभेचा अर्थविषयक नकाराधिकार काढून घेतला. वंशपरंपरागत सभागृहाच्या जागी लोकाधारित सभागृह आणण्याचा मनोदयही त्याच कायद्याच्या प्रस्तावनेत नोंदवलेला होता. तो प्रत्यक्षात आला नाही. सदस्यत्व बापाकडून मुलाकडे जात राहिले आणि स्त्रियांना तिथे बसण्याचा हक्क नव्हता. या चौकटीतूनच १९१९ मध्ये सत्येंद्र प्रसन्न सिन्हा हे सभागृहातले पहिले भारतीय उमराव झाले. ती उमरावकीही वंशपरंपरागत होती.

बदल झाला तो हॅरॉल्ड मॅकमिलन यांच्या काळात. १९५८ च्या तहहयात उमरावकी कायद्याने हयात असेपर्यंतच चालणारे सदस्यत्व निर्माण केले आणि स्त्रियांना सभागृहाचे दार उघडले. पहिल्या यादीत चौदा नावे होती आणि त्यांत चार स्त्रिया. चारांपैकी दोघींचा भारताच्या इतिहासाशी जवळचा संबंध होता : स्टेला रीडिंग या व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या पत्नी होत्या, तर बॅरोनेस रेव्हन्सडेल ही लॉर्ड कर्झन यांची थोरली मुलगी.

या कायद्यामुळे सभागृहात शास्त्रज्ञ, डॉक्टर, कामगार नेते, शिक्षणतज्ज्ञ येऊ लागले. कोणत्याही पक्षाच्या बाकांवर न बसणाऱ्या 'क्रॉसबेंच' सदस्यांचा गट बळकट झाला. परंतु तहहयात उमराव नेमण्याचा अधिकार संपूर्णपणे पंतप्रधानांच्या हाती राहिला. किती जण नेमायचे, कोणत्या पक्षाला किती जागा द्यायच्या, अपक्ष म्हणून कोणाला घ्यायचे, हे सगळे एकच व्यक्ती ठरवत होती. वंशपरंपरागत उमरावांची संख्या मोठी होती तोवर या अधिकाराकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

१९९९ : अर्धवट राहिलेली सुधारणा

टोनी ब्लेअर यांचा मजूर पक्ष १९९७ मध्ये सत्तेवर आला तो वंशपरंपरागत उमरावांचा हक्क रद्द करण्याचे आश्वासन देऊन. नोव्हेंबर १९९९ मध्ये संमत झालेल्या कायद्याने ९२ जणांचा अपवाद वगळता सर्व वंशपरंपरागत उमरावांचे सदस्यत्व संपले. तेराशेहून अधिक सदस्यांचे सभागृह सातशेच्या खाली आले.

या बदलाने जुना प्रश्न नव्या धारेने पुढे आणला. वंशपरंपरागत सदस्य गेल्यावर उरलेले सभागृह जवळजवळ पूर्णपणे नेमणुकांचे झाले आणि नेमणुका पंतप्रधानांच्या हाती होत्या. सभागृह 'टोनीच्या दोस्तांनी' भरले जाणार, असा विरोधकांचा आरोप होता. सरकारला याची कल्पना होतीच. जानेवारी १९९९ च्या श्वेतपत्रिकेतच स्वतंत्र नियुक्ती आयोगाचे आश्वासन दिलेले होते. दीर्घकालीन रचनेचा विचार करण्यासाठी माजी हुजूरपक्षीय मंत्री लॉर्ड वेकहॅम यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमण्यात आला. त्याचा १३२ शिफारशींचा अहवाल जानेवारी २००० मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ५५० सदस्यांचे सभागृह, त्यात काही सदस्य प्रादेशिक पातळीवरून निवडलेले, आणि उरलेल्या सर्व नेमणुका संसदेच्या कायद्याने स्थापलेल्या आयोगाच्या हाती, अशी ती मांडणी होती. पंतप्रधानांची भूमिका त्यात जवळजवळ संपणार होती.

सरकारने या मांडणीतला आयोग घेतला, पण कायदा घेतला नाही. दीर्घकालीन सुधारणा होईपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून मे २००० मध्ये प्रशासकीय निर्णयाने नियुक्ती आयोग स्थापन झाला. ती तात्पुरती सोय पंचवीस वर्षे चालली.

रचना आणि पहिले सदस्य

आयोगात सात सदस्य असतात. अध्यक्ष धरून चार जण स्वतंत्र असतात आणि त्यांची निवड जाहिरात देऊन, सार्वजनिक नेमणुकांच्या नियमांनुसार होते. उरलेले तिघे हुजूर, मजूर आणि लिबरल डेमोक्रॅट या पक्षांनी सुचवलेले असतात. बहुमत स्वतंत्र सदस्यांचे राहावे, हा या गणिताचा हेतू. आयोगाचे छोटे सचिवालय मंत्रिमंडळ कार्यालयाच्या छत्राखाली चालते.

पहिले अध्यक्ष उद्योगक्षेत्रातले लॉर्ड स्टीव्हन्सन. ते १९९९ पासून क्रॉसबेंचवर बसत होते. पक्षांकडून माजी परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड, कामगार नेत्या ब्रेंडा डीन आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नवनीत धोलकिया आले. धोलकिया हे टांझानियात जन्मलेले, भारतीय वंशाचे. म्हणजे आयोगाच्या पहिल्याच मंडळात भारतीय वंशाचा सदस्य होता. स्वतंत्र सदस्यांत वेल्सच्या माजी मुख्य वैद्यकीय अधिकारी डेम डिअर्ड्रे हाइन यांचा समावेश होता.

आयोगाकडे दोन कामे सोपवली गेली. पहिले, पक्षाशी बांधिलकी नसलेल्या सदस्यांची निवड करून त्यांची शिफारस करणे. दुसरे, पक्षांनी आणि पंतप्रधानांनी सुचवलेल्यांसह सर्व नावांची शहानिशा करणे. पहिल्या कामात आयोग स्वतः नावे शोधतो. दुसऱ्यात इतरांनी निवडलेल्या नावांत खोट आहे का, एवढेच पाहतो. जुन्या छाननी समितीचे उरलेले काम २००५ मध्ये आयोगाकडे आले आणि ती समिती विसर्जित झाली.

या व्यवस्थेत ब्लेअर यांनी स्वतःच्या अधिकाराला एक मर्यादा घालून घेतली. आयोगाने सुचवलेली अपक्ष नावे पंतप्रधान फेरफार न करता राजवाड्याकडे पाठवतील, असे त्यांनी जाहीर केले. किती नावे हवीत हे सांगण्याचा अधिकार मात्र पंतप्रधानांनी आपल्याकडेच ठेवला. निवृत्त होणारे वरिष्ठ सनदी अधिकारी, सेनाधिकारी अशा व्यक्तींसाठी एका संसदेच्या मुदतीत दहापर्यंत नावे थेट सुचवण्याची वेगळी वाटही राखून ठेवण्यात आली. त्या नावांचीही शहानिशा आयोग करतो, त्यांची निवड मात्र तो करत नाही.

निवडीची पद्धत

अपक्ष सदस्यत्वासाठी कोणीही अर्ज करू शकतो किंवा दुसऱ्याचे नाव सुचवू शकतो. अर्जदार एकवीस वर्षांवरील असावा आणि ब्रिटन, आयर्लंड किंवा राष्ट्रकुलातील देशाचा नागरिक असावा. करविषयक कायद्यानुसार तो ब्रिटनचा रहिवासी असावा आणि पुढेही तसा राहण्यास तयार असावा, अशीही अट आहे. राष्ट्रकुलाच्या तरतुदीमुळे ब्रिटनमध्ये स्थायिक झालेला भारतीय नागरिकही पात्र ठरतो. तिथल्या मराठी मंडळींनाही हे दार बंद नाही.

पात्रतेच्या पलीकडे आयोग पाहतो तो आपल्या क्षेत्रातली ठळक कामगिरी, सभागृहाच्या कामात भर घालण्याची क्षमता, त्यासाठी लागणारा वेळ, सचोटी आणि पक्षीय बांधिलकीपासूनचे अंतर. सभागृहात कोणत्या क्षेत्रांचे, प्रदेशांचे आणि समाजगटांचे प्रतिनिधित्व कमी आहे, याचाही विचार होतो. अर्जांच्या छाननीनंतर निवडक उमेदवारांच्या मुलाखती होतात. अंतिम नावे पंतप्रधानांमार्फत राजाकडे जातात. मग राजमुद्रेच्या सनदेने नेमणूक होते आणि नवा सदस्य सभागृहात शपथ घेतो.

पक्षीय नावांची तपासणी यापेक्षा मर्यादित असते. उमेदवाराची समाजात आणि सरकारी नियामक संस्थांकडे प्रतिष्ठा चांगली आहे का, त्याच्या पूर्वायुष्यातल्या वर्तनामुळे सभागृहाच्या नावाला बट्टा लागेल का, हे दोन प्रश्न विचारले जातात. त्यासाठी कर विभाग, निवडणूक आयोग आणि इतर सरकारी यंत्रणांकडून माहिती मागवली जाते. उमेदवार कायदेमंडळाच्या कामाला योग्य आहे का, त्याला वेळ आहे का, हे ठरवण्याची जबाबदारी पक्षाची. सभागृहात कधीही न बोलणारा माणूस पक्षाने सुचवला तर त्याला अडवण्याचे साधन आयोगाकडे नाही.

आयोगाचे कामकाज गोपनीय असते. ज्यांना पाठिंबा नाकारला त्यांची नावे आणि कारणे तो प्रसिद्ध करत नाही. पाठिंबा नाही असे कळताच बहुतेक वेळा पक्ष ते नाव गुपचूप मागे घेतो आणि बाहेर काहीच दिसत नाही. आयोगाचा प्रभाव मुख्यतः या न दिसणाऱ्या माघारीत आहे.

भारतात वरिष्ठ सभागृहांतील नामनिर्देशित जागांसाठी असे मंडळ नाही. राज्यसभेतील बारा सदस्य राष्ट्रपती आणि महाराष्ट्र विधान परिषदेतील बारा सदस्य राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने नेमतात. साहित्य, विज्ञान, कला, समाजसेवा अशी क्षेत्रे राज्यघटनेने सांगितली आहेत, पण नावांची छाननी करणारी स्वतंत्र यंत्रणा तिने निर्माण केलेली नाही.

'जनतेचे उमराव' : २००१ ची पहिली यादी

आयोगाने सप्टेंबर २००० मध्ये जाहीर आवाहन केले तेव्हा वृत्तपत्रांनी भावी सदस्यांना 'जनतेचे उमराव' हे नाव देऊन टाकले. अर्ज आले ३,१६६. २६ एप्रिल २००१ रोजी त्यांतून निवडलेली पंधरा नावे जाहीर झाली आणि अपेक्षाभंगाची लाट उसळली.

पंधरांपैकी सात जण आधीच 'सर' होते. रॉयल सोसायटीचे अध्यक्ष रॉबर्ट मे, बीपी या तेल कंपनीचे प्रमुख जॉन ब्राउन, लंडनचे माजी पोलीस आयुक्त पॉल काँडन, संयुक्त राष्ट्रांतील माजी राजदूत डेव्हिड हॅने आणि संख्याशास्त्रज्ञ क्लॉस मोझर ही नावे त्यांत होती. माजी अर्थमंत्री जेफ्री हाउ यांच्या पत्नी एल्स्पेथ हाउ यांचीही निवड झाली होती. सामान्य माणूस, एखादा केशकर्तनकार यादीत का नाही, या प्रश्नावर अध्यक्ष स्टीव्हन्सन यांनी दिलेल्या उत्तरात निवडलेल्यांना सभागृहात अवघडल्यासारखे वाटू नये असा सूर होता. त्यावर बरीच टीका झाली.

टीकेत तथ्य होते, पण यादीची ती एकच बाजू होती. बेघर तरुणांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे प्रमुख व्हिक्टर अ‍ॅडेबोवाले, मुलांसाठीच्या 'चाइल्डलाइन' या मदतवाहिनीच्या पहिल्या प्रमुख व्हॅलरी होवार्थ, गृहनिर्माणाचे अभ्यासक रिचर्ड बेस्ट, मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेच्या तज्ज्ञ इलोरा फिनले, लिव्हरपूलचे बालरोगतज्ज्ञ मायकेल चॅन आणि भारतीय वंशाचे समाजसेवक आमिर भाटिया हेही त्याच यादीत होते. आयोगाची चूक निवडीपेक्षा प्रचारात झाली होती. ठळक कामगिरी ही अट असताना साध्यासुध्या माणसांच्या सभागृहाची आशा लोकांत निर्माण झाली होती.

पुढच्या वर्षांत याद्या लहान झाल्या आणि गाजावाजा कमी झाला. खगोलशास्त्रज्ञ मार्टिन रीस, मानवाधिकार क्षेत्रातील फ्रान्सिस डिसूझा, अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या जेन कॅम्बेल, पॅरालिम्पिक विजेत्या टॅनी ग्रे-थॉम्पसन यांसारखे सदस्य या मार्गाने आले. डिसूझा २०११ ते २०१६ या काळात सभागृहाच्या अध्यक्षा होत्या. हैदराबादेत जन्मलेले पारशी उद्योजक करण बिलिमोरिया २००६ मध्ये, तर भारतात जन्मलेले डॉक्टर खालिद हमीद २००७ मध्ये आयोगाच्या शिफारशीने सदस्य झाले.

२००६ : कर्ज आणि उमरावकी

शहानिशेच्या कामाची खरी कसोटी लागली ती २००५ च्या निवडणुकीनंतर. राजकीय देणग्या जाहीर करणे २००० च्या कायद्याने सक्तीचे झाले होते, परंतु बाजारभावाच्या व्याजाने घेतलेली कर्जे त्या सक्तीतून सुटली होती. मजूर पक्षाने या पळवाटेतून निवडणुकीआधी काही धनिकांकडून सुमारे एक कोटी चाळीस लाख पौंडांची कर्जे गुप्तपणे घेतली. निवडणुकीनंतर पक्षाने उमरावकीसाठी पाठवलेल्या यादीत कर्ज देणाऱ्यांपैकी काहींची नावे होती. आयोगाने अशा अनेक नावांना पाठिंबा दिला नाही.

ही माहिती फुटली आणि मार्च २००६ मध्ये मोठा राजकीय वाद पेटला. खुद्द मजूर पक्षाच्या खजिनदारांनी आपल्याला या कर्जांची कल्पना नव्हती असे सांगितले. स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या एका खासदाराच्या तक्रारीवरून पोलिसांनी १९२५ च्या कायद्याखाली तपास सुरू केला. डिसेंबर २००६ मध्ये पंतप्रधान ब्लेअर यांचा साक्षीदार म्हणून जबाब घेण्यात आला. पदावर असलेल्या पंतप्रधानांची फौजदारी तपासात पोलिसांनी अशी विचारपूस करण्याची ती पहिलीच वेळ. जुलै २००७ मध्ये अभियोग विभागाने कोणावरही खटला भरण्याइतका पुरावा नसल्याचे जाहीर केले.

खटला झाला नाही तरी दोन गोष्टी बदलल्या. पक्षांना मिळणारी कर्जेही जाहीर करणे २००६ च्या कायद्याने बंधनकारक झाले. देणगीदारांबद्दलची कसोटीही आयोगाने स्पष्ट केली : देणगी ही सदस्यत्वाला अडथळा नाही आणि पात्रताही नाही, त्या माणसाने एक पेनीही दिली नसती तरी त्याचे नाव पटण्यासारखे ठरले असते का, हे पाहायचे. आयोगाच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीने हा काळ महत्त्वाचा ठरला. सत्तारूढ पक्षाच्या नावांना नकार देऊनही तो टिकला, आणि पंतप्रधानांनी त्याचा सल्ला मानला.

वाढते सभागृह, रेंगाळलेला कायदा

लॉर्ड जे यांनी २००८ मध्ये आणि शल्यविशारद लॉर्ड अजय कक्कर यांनी २०१३ मध्ये अध्यक्षपद स्वीकारले. भारतीय वंशाचे कक्कर २०१० मध्ये आयोगाच्याच शिफारशीने सदस्य झाले होते. त्यांच्यानंतर २०१८ मध्ये आलेले इतिहासकार लॉर्ड ब्यू आणि २०२३ मध्ये आलेल्या कायदेतज्ज्ञ बॅरोनेस डीच हेही याच मार्गाने सभागृहात आले होते. ज्यांना आयोगाने निवडले त्यांच्याच हाती आयोगाची सूत्रे आली.

या काळात पक्षीय नेमणुकांचा ओघ मात्र वाढत गेला. सदस्यसंख्येवर कायद्याने कमाल मर्यादा नसल्याने ती आठशेच्या आसपास पोहोचली. आयोगाच्या वाट्याला येणारी अपक्ष नावे उलट कमी झाली. डेव्हिड कॅमेरॉन यांच्या काळात ती वर्षाला साधारण दोनवर आली. किती नावे मागायची हे पंतप्रधानांच्या हाती ठेवण्याचा परिणाम इथे उघड झाला. शहानिशा कितीही चोख असली तरी सभागृह किती फुगावे, याबाबत आयोगाला शब्द काढता येत नव्हता.

आयोगाला कायद्याचे अधिष्ठान देण्याचे प्रयत्नही याच काळातले. लिबरल नेते लॉर्ड स्टील यांनी २००७ पासून अनेकदा तसे खासगी विधेयक मांडले. आघाडी सरकारच्या २०१२ च्या विधेयकात बहुतांश सदस्य निवडून आणण्याबरोबर वैधानिक आयोगाचीही तरतूद होती. हुजूर पक्षातील बंडामुळे ते विधेयक सोडून द्यावे लागले. २०१४ च्या कायद्याने सदस्यांना निवृत्त होण्याची मुभा दिली आणि गैरहजर राहणाऱ्यांचे व गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांचे सदस्यत्व संपवण्याची सोय केली, पण नियुक्ती आयोग आहे तसाच राहिला. २०१७ मध्ये लॉर्ड बर्न्स यांच्या समितीने सदस्यसंख्या ६०० वर आणावी, दोन जण गेल्यावर एक नेमावा आणि नव्या सदस्यांची मुदत पंधरा वर्षे असावी, असे सुचवले. त्यासाठी लागणारा संयम पंतप्रधानांनी आपणहून पाळायचा होता. थेरेसा मे यांनी तो काही प्रमाणात पाळला, त्यांच्यानंतर तो सुटला.

२०२० ते २०२३ : सल्ला डावलल्यावर

डिसेंबर २०२० मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी हुजूर पक्षाचे माजी खजिनदार पीटर क्रडस यांना उमरावकी दिली. आयोगाने या नावाला पाठिंबा दिला नव्हता. पक्षाने पूर्वी केलेल्या चौकशीत क्रडस यांच्याकडून काही गैर घडल्याचे आढळले नाही, असा खुलासा जॉन्सन यांनी आयोगाला पाठवलेल्या पत्रात केला. पंतप्रधानांनी आयोगाचा सल्ला बाजूला ठेवल्याची वीस वर्षांतली ही पहिलीच घटना. आयोगाला त्यावर करता येण्यासारखे एवढेच होते की आपण पाठिंबा दिला नव्हता ही गोष्ट नोंदवायची, आणि ती सार्वजनिक झाली.

या घटनेने कायद्याच्या मागणीला पुन्हा जोर आला. राज्यघटनेचे अभ्यासक आणि हुजूर पक्षाचेच सदस्य लॉर्ड नॉर्टन यांनी मांडलेल्या खासगी विधेयकात आयोगाला वैधानिक दर्जा देण्याची तरतूद होती. आयोगाचा सल्ला येईपर्यंत पंतप्रधानांनी नाव पुढे पाठवू नये आणि प्रत्येक उमेदवाराकडे ठळक गुणवत्ता व सभागृहात काम करण्याची तयारी असावी, हेही त्यात होते. सरकारी पाठबळाअभावी त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

जून २०२३ मध्ये जॉन्सन यांची पदत्यागानंतरची सन्मान यादी प्रसिद्ध झाली. तिच्यातील आठ उमेदवारांना आपण पाठिंबा दिलेला नाही, असे आयोगाने जाहीर केले. तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांनी आयोगाने मान्य केलेलीच नावे पुढे पाठवली. जॉन्सन आणि सुनक यांच्यात त्यावरून जाहीर खडाजंगी झाली. अडीच वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन प्रसंगांत आयोगाचे अधिकार अगदी सारखे होते. पंतप्रधान वेगळे होते, म्हणून निष्पत्ती वेगळी झाली.

सद्यःस्थिती

जुलै २०२४ मध्ये सत्तेवर आलेल्या कीअर स्टार्मर यांच्या मजूर सरकारने नेमणुकांच्या पद्धतीत सुधारणा करण्याचे आश्वासन जाहीरनाम्यात दिले होते. उरलेल्या वंशपरंपरागत उमरावांचा हक्क संपवणारे विधेयक सप्टेंबर २०२४ मध्ये मांडण्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस आणखी एक बदल झाला. पक्षांनी सुचवलेल्या प्रत्येक नावासोबत, ही व्यक्ती का निवडली हे सांगणारा संक्षिप्त परिचय प्रसिद्ध होऊ लागला. उमेदवाराच्या योग्यतेचा निर्णय अजूनही पक्षच घेतात, पण त्याचे कारण आता त्यांना लेखी द्यावे लागते.

पंचवीस वर्षांत आयोगाने अपक्ष सदस्यांच्या निवडीतून पंतप्रधानांची मर्जी बाजूला काढली, हे त्याचे निर्विवाद यश. विज्ञान, वैद्यक, समाजसेवा, अपंगांचे हक्क अशा क्षेत्रांतील माणसे त्यामुळे कायदेमंडळात आली. पक्षीय नावांच्या बाबतीत त्याने संशयास्पद उमेदवार अडवले, तेही बहुधा जाहीर वाद न होता. सदस्यसंख्या, पक्षीय उमेदवारांची योग्यता आणि सल्ल्याची बंधनकारकता हे तीन विषय मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहिले. या तिन्ही बाबी आयोगाच्या हाती देण्याचा मार्ग वेकहॅम अहवालाने जानेवारी २००० मध्येच सुचवला होता. आयोगाची पंचवीस वर्षे पूर्ण झाली तेव्हाही तो संसदेसमोरचा प्रश्नच होता.